गिअरची मूठ सैल का होते?

जुन्या स्पोर्ट्स मोटारी जतन करणारे लोक जगभर आहेत. इंग्लंडमधील ॲबिंग्डन या गावच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात 'एमजीबी' नावाची एक लहानशी, दोन माणसांची, उघड्या टपाची मोटार तयार होत असे. ती आणि तिची बंद टपाची बहीण मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या, आणि त्यांतल्या कितीतरी आजही धावतात. अशा गाडीच्या मालकाला विचारा, तुम्हांला सर्वांत जास्त चीड कशाची येते? तो इंजिनाविषयी किंवा गंजाविषयी बोलेलच. पण पुष्कळदा एक क्षुल्लक तक्रारही सांगेल: गिअरच्या दांड्यावरची मूठ सैल होते. घट्ट करावी, चार दिवस बरे जावेत, की पुन्हा ती हातात गरगर फिरू लागते. मुठीवर कोरलेला गिअरांचा नकाशा कधी डावीकडे तोंड करतो, कधी उजवीकडे. इंजिन एका ठरावीक वेगाला आले की मूठ कर्रर्र असा आवाज करते. आणि एखाद्या दिवशी पुढची मोटार ओलांडण्यासाठी चालकाने झटकन गिअर बदलावा, तर मूठ हातात आणि दांडा जागच्या जागी! ही शेवटची गोष्ट गमतीची नाही. त्या क्षणी चालकाची नजर रस्त्यावरून हातातल्या मुठीकडे जाते, आणि तेवढा वेळ अपघाताला पुरतो.

आपल्याकडे ही गाडी क्वचित दिसते. पण मुंबईत २०२३ पर्यंत धावलेल्या प्रीमिअर पद्मिनी टॅक्सीत सुकाणूच्या खांबाला जोडलेला गिअरचा दांडा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्याच्या टोकावरची लहान मूठही आठवेल. शिवाय प्रश्न एकट्या मोटारीचा नाही. कुकरच्या झाकणाची मूठ, सायकलचा मडगार्ड, शिलाई यंत्राचे स्क्रू, बाकाचे बोल्ट ही सारी एकाच रोगाची रोगी मंडळी आहेत. स्पोर्ट्स मोटारीची मूठ हा त्यातला जरा ऐटबाज रोगी, इतकेच. त्याचीच नाडी पाहू या.

मुठीच्या पोटात आटे असतात आणि दांड्याच्या टोकावरही आटे असतात. मूठ दांड्यावर फिरवत बसवायची. ब्रिटिश गाड्यांत दांड्याच्या टोकाचा व्यास पुष्कळदा ५/१६ किंवा ३/८ इंच आढळतो, आणि या दोन्ही मापांच्या बारीक पेचात एका इंचात २४ आटे असतात. आपण ३/८ इंचाचा दांडा घेऊ. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तेव्हा एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचे अंतर, म्हणजे अंतराल, २५.४ ÷ २४ = १.०६ मिमी झाले. मूठ एक पूर्ण फेरा फिरली की ती १.०६ मिमी खाली उतरते.

आता एक कागद घ्या. त्याचा काटकोन त्रिकोण कापा आणि पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्रिकोणाची तिरपी कड पेन्सिलीभोवती नागमोडी चढत गेलेली दिसेल. हाच स्क्रूचा आटा! म्हणजे आटा ही दुसरी तिसरी वस्तू नसून दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण आहे. ती किती चढाची? आट्याच्या मध्यावरचा व्यास सुमारे ८.८४ मिमी असतो. त्याचा परीघ २७.८ मिमी. म्हणजे २७.८ मिमी चालल्यावर १.०६ मिमी चढायचे. रस्त्याच्या भाषेत सांगायचे तर २६ मीटर गेल्यावर एक मीटर चढ. कोन काढला तर तो जेमतेम २.२ अंश येतो. इतक्या सौम्य उतारावर ठेवलेली वस्तू आपण होऊन कशी घसरेल?

ती घसरत नाहीच. उतरणीवर ठेवलेली वस्तू केव्हा घसरू लागते हे तुम्ही शाळेत शिकला आहात किंवा शिकाल. उताराचा कोन वाढवत नेला की एका कोनाला वस्तू निसटते. त्याला घर्षणकोन म्हणतात, आणि त्या कोनाचा टॅन म्हणजे घर्षणांक. धातूवर धातू, थोडेसे तेलकट, असे असले तर घर्षणांक ०.१५ च्या आसपास धरायला हरकत नाही. त्यावरून घर्षणकोन ८.५ अंश येतो. (आटे इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचे असल्यामुळे घर्षण प्रत्यक्षात आणखी थोडे वाढते, ते सोडून देऊ.) उतार २.२ अंशांचा आणि घसरायला हवेत साडेआठ अंश. जवळजवळ चौपट सुरक्षितता! घट्ट केलेला नट आपण होऊन उलगडत नाही याचे कारण हेच. आपल्या पुलांचे, इमारतींचे, यंत्रांचे लक्षावधी बोल्ट याच भरवशावर उभे आहेत.

मग मूठ सैल होते कशी?

गणित बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. वस्तू उतारावर स्थिर आहे, तिला कोणी धक्का देत नाही, हे ते गृहीत. धक्का दिला तर काय होते हे पाहण्यासाठी एक प्रयोग करा. शिक्षकांनी हा वर्गात जरूर करून दाखवावा. खर्च शून्य, आणि परिणाम पाहून मुले हटकून चकित होतात.

एक गुळगुळीत, रुंद फळी घ्या. तिच्यावर काड्यापेटी ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. पेटी कोणत्या कोनाला घसरते ते कोनमापकाने मोजा. समजा तो १९ अंश आला. टॅन १९° म्हणजे ०.३४, हा तुमच्या पेटीचा आणि फळीचा घर्षणांक झाला. आता फळी १० अंशांवर टेकवून ठेवा. पेटी मुळीच हलणार नाही. रात्रभर ठेवली तरी तिथेच राहील. आता पेटीला एक लांब दोरा बांधा आणि तो फळीवर बरोबर आडवा, म्हणजे चढाकडेही नाही आणि उताराकडेही नाही अशा दिशेने, हळूहळू ओढा. तुम्ही पेटीला खाली मुळीच ओढत नाही आहात. पण पेटी काय करते पाहा. ती आडवी सरकता सरकता खालीही उतरू लागते! ओढणे थांबवा, उतरणेही थांबते. पुन्हा ओढा, पुन्हा उतरते.

याचे कारण घर्षणाच्या स्वभावात आहे. घर्षण नेहमी घसरण्याच्या दिशेच्या बरोबर उलट असते, आणि त्याचे बळ ठरावीक असते. पेटी स्थिर असताना ते सारे बळ तिला खाली जाऊ न देण्यासाठी उपलब्ध होते. पण पेटी आडवी सरकू लागली, की तेच बळ आडव्या हालचालीला विरोध करण्यात गुंतते. उताराच्या दिशेचा पहारा उठतो. वाड्यावर एकच पहारेकरी असावा आणि पुढच्या दाराशी कोणीतरी भांडण काढावे, म्हणजे मागचे दार मोकळे, तसाच हा प्रकार.

मागचे दार किती उघडे पडते याचेही गणित करता येते. पेटी आडव्या रेषेशी ज्या कोनात खाली उतरते त्याचा साइन हा उताराच्या टॅनला घर्षणांकाने भागून मिळतो. टॅन १०° म्हणजे ०.१७६, भागिले ०.३४४ म्हणजे ०.५१. साइन ०.५१ असलेला कोन सुमारे ३१ अंश. म्हणजे पेटी १० सेंटिमीटर आडवी ओढली तर ती जवळजवळ ६ सेंटिमीटर खाली यायला हवी. तुमच्या फळीवर किती येते ते मोजा. दोरा लांब असावा, म्हणजे ओढण्याची दिशा फारशी बदलत नाही. आणि सावकाश ओढावे. उत्तर नेमके जुळले नाही तर निराश होऊ नका, कारण घर्षणांक जागोजाग थोडा बदलतोच. आठ-दहा वेळा करून सरासरी काढा.

हे तत्त्व तुम्ही न कळत रोज वापरता. बाटलीचे घट्ट बूच नुसते ओढून निघत नाही. ते पिळत पिळत ओढले की निघते. बोटात अडकलेली अंगठी फिरवत काढतात. पिळण्याने घर्षण गोल दिशेत गुंतते आणि बाहेर यायला वाट मिळते.

आता मुठीकडे परत या. आट्याची उतरण २.२ अंशांची असली तरी उतरणच आहे. घट्ट आवळलेल्या जोडात एक ताण असतो आणि तो नटाला त्या उतरणीवरून खाली, म्हणजे सैल होण्याच्या दिशेने, सतत रेटत असतो. एरवी घर्षण त्याला रोखून धरते. पण कंपनांमुळे आटे एकमेकांवर आडवे, अगदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके जरी सरकले, तरी त्या क्षणापुरता पहारेकरी गुंततो आणि नट केसभर उलगडतो. पुढच्या कंपनाला आणखी केसभर.

गंमत अशी की, इंजिनिअरांना ही गोष्ट नीट उमगायला बराच काळ लागला. अमेरिकेत गुडिअर आणि स्वीनी या दोघांनी १९४५ मध्ये या प्रश्नाचा अभ्यास केला तो बोल्टच्या लांबीच्या दिशेने ताण कमीजास्त करून. त्यात नट फिरत होता, पण अगदी थोडा. खरा गुन्हेगार आडवी हालचाल आहे हे जर्मन इंजिनिअर गेरहार्ड युंकर याने १९६९ मध्ये स्वच्छ दाखवून दिले. त्याच्या यंत्रात बोल्टने आवळलेली एक पट्टी आडवी मागेपुढे हलवतात आणि बोल्टमधला ताण मोजत जातात. आडवी घसरण पुरेशी असली तर चांगला आवळलेला बोल्टही काहीशे हेलकाव्यांत ढिला पडतो. आजही नट-बोल्टची परीक्षा घेण्याच्या या पद्धतीला युंकरची चाचणी म्हणतात. काड्यापेटीच्या प्रयोगात तुम्ही जे पाहिले तेच युंकरने पोलादावर पाहिले.

गिअरच्या मुठीला हेलकावे किती मिळतात? एमजीबीचे इंजिन चार सिलिंडरांचे, १७९८ घन सेंटिमीटरचे. अशा इंजिनात दट्ट्यांच्या वरखाली हालचालीमुळे एक कंपन असे उरते की त्याची वारंवारता इंजिनाच्या फेऱ्यांच्या दुप्पट असते. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५०. तेव्हा हे कंपन सेकंदाला १०० वेळा. तासाभराच्या प्रवासात ३ लाख ६० हजार हेलकावे झाले! शिवाय या गाडीत दांडा सरळ गिअरपेटीच्या वरच्या भागातूनच बाहेर येतो, त्यामुळे ही कंपने मध्ये कुठे न मुरता वर पोचतात. दांडा ही एक तरफ आहे. समजा टेकूच्या खाली ६ सेंटिमीटर आणि वर ३० सेंटिमीटर दांडा आहे. मग खालच्या टोकाची दशांश मिलिमीटरची थरथर मुठीपाशी पाचपट, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची होते.

आणि आडवी हालचाल तर येथे आयतीच आहे. चालक गिअर बदलतो म्हणजे मुठीला आडवेच ढकलतो. ढकलताना पंजा थोडा वळतो, मुठीलाही थोडा पीळ देतो. कधी उजवीकडे, कधी डावीकडे. तुम्ही म्हणाल, दोन्हीकडे सारखाच पीळ बसत असेल तर मूठ जितकी सैल होईल तितकीच घट्टही व्हायला हवी. तसे होत नाही, कारण घट्ट होण्याच्या बाजूला आटे संपतात आणि मूठ अडते. सैल होण्याच्या बाजूला अडवणारे कोणी नाही. पुढे भिंत आणि मागे मोकळे रान असले, तर डोळे झाकून इकडेतिकडे पावले टाकणारा माणूस शेवटी रानाकडेच जायचा.

सायकलच्या डाव्या पायट्याचे आटे उलटे असतात, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. बऱ्याच टेबल पंख्यांच्या पात्यांवरचा नटही उलट्या आट्यांचा असतो. तेथे फिरण्याची दिशा ठरलेली असते. त्यामुळे आटे असे ठेवता येतात की चालू असताना जोड घट्टच होत राहावा. मुठीला मात्र ठरावीक दिशा नाही, म्हणून ही युक्ती इथे लागू नाही.

इथे उपयोगी पडतो तो चेकनट. मुठीच्या खाली, त्याच आट्यांवर, एक पातळ नट बसवतात. कारखान्यातून आलेल्या गाडीत तो असतोच. पुढे कोणीतरी मूठ बदलताना तो हरवतो किंवा 'एवढ्याशा नटाने काय होते' म्हणून बाजूला ठेवतो, आणि मग तक्रारीला सुरुवात होते. चेकनटाचे काम लोकांना वाटते तसे 'मुठीला खालून आधार देणे' हे नाही. तो मुठीवर आवळला की मुठीला वर ढकलतो, आणि मूठ त्याला खाली ढकलते. त्यामुळे मुठीचे आटे दांड्याच्या आट्यांच्या खालच्या बाजूवर दाबले जातात आणि नटाचे आटे वरच्या बाजूवर. दोघांच्या मधला दांड्याचा तुकडा ताणला जातो. आट्यांमध्ये बसवण्याच्या सोयीसाठी जी बारीक मोकळीक ठेवलेली असते ती नाहीशी होते. आता आटे एकमेकांवर सरकायचे तर मोठ्या दाबाखाली सरकावे लागतात.

दाब किती मोठा? हे ऐकून तुम्हांला आश्चर्य वाटेल. १० सेंटिमीटर लांबीचा पाना घेतला आणि त्याच्या टोकाला २ किलोग्रॅम वजनाइतका, म्हणजे सुमारे २० न्यूटन जोर लावला, तर पीळ झाला २ न्यूटन-मीटर. ढोबळ नियम असा: पिळाला आट्याच्या व्यासाने आणि ०.२ या अंकाने भागले की ताण मिळतो. व्यास ०.००९५ मीटर, तेव्हा ताण २ ÷ (०.२ × ०.००९५) म्हणजे हजार न्यूटनच्या थोडा वर. एक क्विंटल वजन टांगल्यासारखे झाले! तेही दोन बोटांत धरलेल्या पान्याने. आणि याहून नवलाची गोष्ट म्हणजे, तुम्ही लावलेल्या पिळापैकी सुमारे दशांशच ताण निर्माण करण्यात खर्ची पडतो. उरलेले नऊ भाग नटाच्या तोंडाशी आणि आट्यांत होणाऱ्या घर्षणात जातात. वाया गेले असे मात्र म्हणू नका. तेच घर्षण पुढे जोड टिकवून धरते.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. प्रथम मूठ उलटी फिरवून काढावी. पण त्याआधी एक खबरदारी घ्यावी. १९७७ नंतरच्या काही एमजीबी गाड्यांत 'ओव्हरड्राइव्ह' या जादा गिअरचे बटन मुठीतच असते आणि त्याच्या तारा दांड्याच्या पोकळीतून खाली जातात. अशी मूठ तारा न सोडवता गरागरा फिरवली तर तारा पिळून तुटतात. वरची टोपी उचलून आधी तारा मोकळ्या कराव्यात.

मूठ निघाल्यावर दांड्याचे आटे तारेच्या ब्रशने आणि रॉकेलने स्वच्छ करून कोरडे पुसावेत. पुष्कळदा तेथे जुना चिकट मळ, कोणी गुंडाळलेला दोरा किंवा वाळलेला डिंक निघतो. मग आटे भिंगातून पाहावेत. आट्यांच्या कडा धारदार आणि एकसारख्या असल्या तर दांडा ठीक आहे. चेकनट हाताने फिरवत आट्यांच्या तळापर्यंत न्यावा. त्यानंतर मूठ बसवावी आणि गिअरांचा नकाशा चालकाला सरळ वाचता येईल अशा स्थितीत थांबवावी. चेकनटाचा हा दुसरा फायदा: मूठ हव्या त्या दिशेला थांबवता येते. अर्धा फेरा मागेपुढे झाल्याने उंचीत फरक पडतो तो अर्ध्या मिलिमीटरचा.

आता नट वर आणून मुठीला भिडवायचा. येथे अनेकजण गोंधळतात. वरून पाहिले असता नट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायचा आहे, कारण तो वर यायला हवा. आपला हात मात्र 'घट्ट करणे म्हणजे काट्यांच्या दिशेने' या सवयीचा. शिवाय नट मुठीला भिडला की घर्षणाने तो मुठीलाही आपल्याबरोबर त्याच दिशेने ओढू पाहतो. मूठ त्याच्यासोबत फिरली तर दोघेही मिळून वर सरकतात आणि ताण मुळीच निर्माण होत नाही. म्हणून एका हाताने मूठ घट्ट धरून ठेवावी आणि दुसऱ्या हाताने पान्याने नट आवळावा. मूठ प्लॅस्टिकची किंवा लाकडाची असेल तर वर काढलेले २ न्यूटन-मीटर पुरेत. जोर दाखवायला गेलात तर मुठीला चीर जाईल.

स्प्रिंग वॉशर घातला तर? आपल्या वर्कशॉपमध्ये हा उपाय पहिल्यांदा सुचतो आणि पुस्तकांतही त्याची स्तुती आढळते. माझे मत विचाराल तर मी त्यावर विसंबणार नाही. नट पुरता आवळला की तो वॉशर चपटा होतो, आणि चपटा झाल्यावर तो साध्या वॉशरसारखाच. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने १९९० मध्ये काढलेल्या नट-बोल्टविषयीच्या मार्गदर्शिकेतही हेच म्हटले आहे.

आट्यांत लावण्याचा पातळ द्रव मात्र खरोखर गुणकारी आहे. त्याची रसायनविद्या मोठी मौजेची आहे. अमेरिकेत हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये या द्रवाच्या धंद्याला सुरुवात केली. पुढे तो 'लॉकटाइट' या नावाने प्रसिद्ध झाला. साधा डिंक हवा लागली की वाळतो. हा द्रव उलट्या डोक्याचा: हवेतील ऑक्सिजन आहे तोवर तो पातळ राहतो; दोन आट्यांच्या फटीत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही आणि धातूचा स्पर्श आहे, तिथे त्याचे रेणू साखळ्या जोडू लागतात आणि तो कडक होतो. म्हणून त्याची बाटली कधी काठोकाठ भरत नाहीत. आत हवा राहू देतात. निळ्या रंगाचा प्रकार साध्या पान्याने सुटतो. लाल प्रकार सुटायला जोराची आच द्यावी लागते. मुठीला तो लावू नये, कारण आच दिली तर मूठच वितळेल. आणि मुठीतले आटे धातूचे नसून प्लॅस्टिकचेच असतील तर दोन्ही वर्ज्य. धातूचा स्पर्श नसल्याने द्रव नीट वाळत नाही, आणि काही प्लॅस्टिकांना त्याने तडे जातात. अशा मुठीसाठी नळकारागिराकडची टेफ्लॉनची पांढरी पट्टी दोन-तीन फेरे गुंडाळावी. ती मोकळीक भरून काढते. पूर्वीचे लोक सुताचा दोरा गुंडाळत, त्यातही शहाणपण होते.

काही जण ॲरल्डाइट भरून मूठ कायमची चिकटवून टाकतात. हा उपाय मला पसंत नाही. दांड्याच्या तळाशी असलेली रबरी झालर काढायची झाली तर ती मुठीकडच्या टोकावरूनच निघते. मूठ निघत नसेल तर पुढचा कारागीर झालर कापणार किंवा मूठ फोडणार. चाळीस-पन्नास वर्षे जपलेल्या मूळ मुठीची ही गत व्हावी हे बरे नव्हे.

कधी कधी चेकनट चांगला आवळलेला असतो आणि तरीही मूठ फिरते. मग दोष दुसरीकडे शोधावा. लाकडी मुठीच्या पोटात पितळेची आटेदार नळी चिकटवलेली असते. दमट हवेत लाकूड फुगते, कोरड्या हवेत आक्रसते. पितळ यातले काहीच करत नाही. वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीत चिकटवण सुटते आणि नळी जागीच राहून नुसते लाकूड फिरते. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. मुठीच्या बुडाशी लाकडावरून नळीवर जाणारी पेन्सिलीची एक रेघ ओढावी आणि मूठ फिरवून पाहावी. रेघ तुटली तर लाकूड आणि नळी यांची फारकत झाली आहे. तेथे मात्र ॲरल्डाइट योग्य: नळी बाहेर काढून, जुना डिंक खरवडून, पुन्हा चिकटवावी. प्लॅस्टिकच्या मुठीत वेगळाच प्रकार होतो. सतत दाबाखाली राहिलेले प्लॅस्टिक हळूहळू दबत जाते, उन्हात तापलेल्या गाडीत तर अधिकच, आणि चेकनटाने दिलेला ताण आपोआप उतरतो. म्हणून नवी प्लॅस्टिकची मूठ बसवल्यावर आठवड्याने नट पुन्हा एकदा तपासावा.

सर्वांत मोठे नुकसान मात्र कंपनांनी नव्हे, चुकीच्या मापाने होते. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाण ठरवून देण्याचा प्रस्ताव मांडला. त्याच्या आट्यांचा कोन ५५ अंश होता. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून ६० अंशांचा एक समान पेच मान्य केला, आणि आपल्या वापरातल्या मेट्रिक पेचाचा कोनही ६० अंशच आहे. कोन सारखा असल्याने फसगत होते. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, ८ मिमीच्या मेट्रिक मुठीशी फरक इतका थोडा की डोळ्यांना दिसत नाही. मूठ एक-दोन फेरे गोडीने जाते आणि मग अडते. कारण मेट्रिक आट्याचा अंतराल १.२५ मिमी आणि दांड्याचा १.०६, दर फेऱ्याला ०.१९ मिमीची चूक साठत जाते. अशा वेळी जोर केला की मऊ बाजूचे आटे सोलले जातात आणि मूठ कायमची सैल. याउलट ३/८ इंच म्हणजे ९.५ मिमी, त्यावर १० मिमीची मूठ घातली तर ती बसल्यासारखी वाटते, पण टोपीसारखी डुलते. तेव्हा नवी मूठ घेण्याआधी दांडा व्हर्निअर कॅलिपरने मोजावा आणि आटेही मोजावेत. फूटपट्टी आट्यांना लावून अर्ध्या इंचात किती आटे बसतात ते पाहावे. १२ आले तर इंचाला २४. तुमच्या प्रयोगशाळेत व्हर्निअर असेलच. घरातले पाच-सहा वेगवेगळे बोल्ट नेऊन त्यांचे व्यास आणि अंतराल मोजा, आणि वर केले तसे प्रत्येकाच्या उतरणीचा कोन काढा.

दुरुस्ती झाल्यावर चेकनटाच्या कडेपासून दांड्यावर जाणारा रंगाचा एक बारीक ठिपका, आणि नटापासून मुठीवर जाणारा दुसरा ठिपका द्यावा. पाचशे किलोमीटर गाडी चालवून पुन्हा पाहावे. दोन्ही ठिपके अखंड असले तर काम झाले. पहिला तुटला असेल तर नट फिरला आहे, आणि फक्त दुसरा तुटला असेल तर मूठ.